शिपायाची आई

"तुमचा मुलगा वेडा नाही आणि त्याला कुणी झपाटलेलंही नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला ऑटोइम्यून एन्सेफलायटिस आहे."

मॅडम म्हणजे लातूरच्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टर. त्यांच्या टेबलावर रिपोर्ट होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आजाराचं नाव मी ऐकलंसुद्धा नाही. मी विचारलं, "मग शुक्रवारी त्यानं जे केलं, ते कुणी केलं?"

"आजारानं केलं," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी एका कागदावर लिहून द्यावं आणि तो कागद मी आमच्या चर्चच्या दारावर चिकटवावा, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

आजार असा आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक शक्ती असते, तिला इम्युनिटी म्हणतात. ती कधीकधी चुकते आणि आपल्याच मेंदूवर तुटून पडते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्यानं घरच्याच माणसाचा लचका तोडावा, तसं. मेंदूला सूज येते. माणूस झोपत नाही, संशय घेतो, भलतंच बोलतो, मारायला उठतो, मग त्याला फिट येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे वेड आहे. आमच्या लोकांना तर त्याहून वाईट वाटलं.

आम्ही कॅथलिक. उदगीरजवळच्या एका गावात आमची थोडी घरं आहेत आणि मधोमध चर्च. दर गुड फ्रायडेला आमच्याकडे जिवंत क्रूसाची वाट करतात. म्हणजे प्रभू येशूला पकडलं, चाबकानं फोडलं, खांद्यावर क्रूस देऊन डोंगरावर नेलं, ते सगळं पोरंच करून दाखवतात. प्रभू व्हायचा मान सॅम्युअलचा. सॅमू आमच्या शेजारच्या रुथचा एकुलता एक. माझा विशाल शिपाई व्हायचा, चाबूकवाला. दोघं एकत्र वाढलेले, एका ताटात जेवलेले. विशाल उदगीरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो.

त्या वर्षी गुड फ्रायडेआधीच्या उपवासकाळात विशालची झोप उडाली. रात्रभर घरात फेऱ्या मारायचा. भिंतीकडे बघून हसायचा. दुकानातला मालक आपल्यावर नजर ठेवतो म्हणायचा. एकदा मी वाढलेलं ताट त्यानं माझ्याच अंगावर भिरकावलं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, पोराचं काहीतरी बिनसलंय. हे टेम्पो चालवतात, उदगीर-नांदेड, घरी असतात कमी. हे म्हणाले, "अगं, नाटक जवळ आलंय, तो शिपाई होऊन राहिला." मलाही ते पटलं. पोरगा भूमिकेत शिरलाय म्हणून मी कौतुकानं चार जणींना सांगितलंसुद्धा.

चाबूक काथ्याच्या दोरीचा असतो. तो लाल रंगात भिजवतात, म्हणजे पाठीवर फटका बसला की रक्ताचे वळ दिसतात. दोरी सैल धरायची, हात हवेत जोरात फिरवायचा आणि पाठीवर अलगद टेकवायचा, अशी ती रीत. रंग मीच कालवते, दरवर्षी.

त्या शुक्रवारी चर्चसमोरच्या मैदानात अख्खं गाव जमलं होतं, आमचे आणि बाकीचेही. विशालनं पहिला फटका मारला आणि लोकांच्या तोंडून आवाज निघाला. दुसरा, तिसरा. सॅमू वाकला. पाठ लालभडक झाली. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "लई भारी काम करून राहिलं पोरगं!" मोबाइल वर झाले. विशालच्या तोंडाला फेस आला होता. त्यालाही लोक अभिनयच समजले.

मग सॅमू ओरडला, "विशल्या, लागून राहिलंय रे! थांब!"

लोक हेलावून गेले. एक म्हातारी रडायलाच लागली. सगळ्या गर्दीत एकट्या रुथला कळलं. तिनं सॅमूकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. चाबकाच्या वेळी प्रभू एक शब्दही बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

रुथ धावत मध्ये घुसली. एक फटका तिच्या हातावर बसला. तेव्हा कुठं माणसं उठली. चौघापाचांनी विशालला आडवं पाडलं. सॅमूच्या पाठीवरचा रंग पुसायला गेले तर तो पुसला जाईना, खालून नवा येत होता. कातडी फाटली होती.

मग जे झालं ते लिहिताना आजही मला राग येतो. आमच्याच लोकांनी विशालला व्हरांड्याच्या लोखंडी खांबाला बांधलं. चपलांनी मारलं, लाथांनी मारलं. एक जण पवित्र पाणी शिंपडून ओरडत होता, "सैतान हाय! प्रभूवर हात टाकला ह्यानं!" विशाल खांबावर डोकं आपटत होता आणि हसत होता. मी मध्ये पडले तर मला ढकलून दिलं. आणि रुथ, माझी रुथ, सॅमूला मांडीवर घेऊन किंचाळत होती, "बांधा त्याला! माझ्या लेकराला मारलं तसंच मारा! मरूस्तर मारा!"

दोरी सोडली ती फादरांनी. आमचे फादर वसईकडचे, किरकोळ अंगाचे, आवाजही बारीक. मी त्यांना तोवर फारशी किंमत देत नव्हते. त्यांनी हातातला क्रूस त्या पवित्र पाणीवाल्याच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "आधी डॉक्टर. बाकीचं मग बघू." सॅमूला एका गाडीनं पाठवलं आणि विशालला स्वतःच्या जीपमध्ये घातलं. वाटेत विशाल त्यांच्या दंडाला चावला. रक्त आलं. फादर दुसऱ्या हातानं त्याचं डोकं धरून बसले. चर्चचं सगळं आवरायचं सोडून ते आमच्याबरोबर आले होते.

उदगीरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गांजा घेतो का?" मी नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. झोपेचं इंजेक्शन देऊन त्यांनी लातूरला पाठवलं.

लातूरलाही आधी मानसिक आजाराच्याच गोळ्या चालू झाल्या. दोनेक दिवसांत, मी त्याला चहा पाजत होते तेव्हा, त्याची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. जीभ चावली गेली. चहा, रक्त, सगळं माझ्या अंगावर. झटके संपले तरी ओठ चालूच राहिले, काहीतरी चघळत असल्यासारखे. तो तोंडाचा चाळा बघून मेंदूच्या मॅडमना बोलावलं.

मग तपासण्या. एमआरआय, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. ते चांगले आले. ईईजी, म्हणजे मेंदूत जी वीज खेळते तिचा आलेख. तो बिघडलेला. मग लंबर पंक्चर. पाठीच्या मणक्यांतून सुई घालून पाणी काढतात आणि ते तपासायला पाठवतात. चार माणसांनी दाबून धरलं तेव्हा सुई गेली. त्याचं ओरडणं मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. शेजारी एक बाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मूठभर माझ्या हातात दिल्या. मी खाल्ल्याही.

रिपोर्टला वेळ लागणार होता. त्याआधीच मॅडमनी स्टिरॉइडचे मोठे डोस चालू केले, सूज उतरायला. विशाल आयसीयूत होता. हात मारायचा, सलाईन उपसून टाकायचा, सिस्टरला त्यानं एकदा बुक्कीही मारली. म्हणून हातपाय पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. विशाल पोलिसांना चुकवायला वेडाचं सोंग घेतोय, असं लोक बोलत होते. रुथचा भाऊ तक्रार द्यायला निघाला होता. रुथ म्हणाली, आधी मी डोळ्यानं बघून येते.

ती सॅमूला पाठ दाखवायला लातूरला घेऊन आली होती. जखमेत पू झाला होता. सॅमूला तिकडं बसवून ती सरळ आमच्या दवाखान्यात आली. मी जिन्याजवळ उभी होते. तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी तिचा हात धरला. दुसरी मारली असती तर मीही मारली असती, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात आतून सिस्टर ओरडल्या, "पेशंटचं कोण आहे? पाय धरा, पट्टी तुटली!"

मी आत पळाले आणि माझ्या मागं रुथही. विशालचा एक पाय सुटला होता, तो पलंगासकट उसळत होता. मी खांदे दाबले. रुथनं त्याचा पाय धरला. त्यानं तिच्या छातीत लाथ घातली. ती मागच्या भिंतीवर आदळली आणि परत येऊन पायाला मिठी मारून बसली. इंजेक्शनचा असर होईस्तोवर तिनं पाय सोडला नाही.

तो शांत झाल्यावर तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. ओठ फाटलेले, चेहरा सुजलेला, मनगटं पट्टीखाली सोलून निघालेली.

"मी म्हणले होते ना बांधा म्हणून," ती म्हणाली. "घ्या. बांधलंय."

ती खाली फरशीवरच बसली आणि रडायला लागली. मीही बसले. मग तिनं पिशवीतून धुतलेल्या मऊ सुती चिंध्या काढल्या. सॅमूच्या पाठीसाठी उकळून, वाळवून, घड्या घालून आणलेल्या. सिस्टरना विचारून तिनं त्या विशालच्या मनगटांखाली एकेक सरकवल्या.

"अन् सॅमूला?" मी म्हटलं.

"त्याला अजून धुते की," ती म्हणाली. "घरी कापड काय कमी हाय व्हय?"

पुढं आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या, बायका म्हणायला लागल्या, रुथ म्हणजे अगदी वेरोनिका, क्रूसाच्या वाटेवर प्रभूचं तोंड पुसणारी. मला असलं ऐकवत नाही. वेरोनिकानं आधी कुणाच्या थोबाडीत मारल्याचं मी ऐकलेलं नाही. रुथला माझ्या मुलाची चीड होती, सॅमूसाठी तिचं काळीज तुटत होतं, आणि तरी तिनं पाय धरला. जी बाई आधीच चांगली असते तिला हे सोपं जात असेल. रुथला सोपं गेलं नाही. मी बघत होते.

त्यानंतर रिपोर्ट आला आणि मॅडम जे बोलल्या ते वर लिहिलंच आहे. स्टिरॉइड पुरलं नाही. मग आयव्हीआयजी. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली ही औषधी प्रथिनं असतात, ती सलाईनमधून देतात, म्हणजे बिथरलेली इम्युनिटी ताळ्यावर येते. लातुरात बाटल्या कमी पडल्या, तेव्हा ह्यांनी नांदेडहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून त्या मांडीवर आणल्या. तक्रार झाली नाही. रुथनं भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

विशाल हळूहळू परतला. फार हळू. आधी नजर आली, मग पाणी मागितलं, मग लहान पोरासारखा हट्ट करायला लागला, मग चालायला. मॅडम म्हणाल्या, "ते दिवस त्याला आठवणार नाहीत. औषधं आणि तपासण्या मात्र सोडू नका." आठवणार नाहीत, ह्याचा मला इतका आनंद झाला की मी वॉर्डच्या सगळ्या सिस्टरना पेढे वाटले.

तुमच्या घरात तरणंताठं माणूस अचानक झोपेना, भलतं बोलायला लागलं, अंगावर यायला लागलं, त्यात तोंडाचे चाळे किंवा फिट दिसली, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. बांधून मारू नका. प्रार्थना जरूर करा, पण गाडीत बसून करा. आमचे फादर तशीच करत होते, दंडाला रुमाल बांधून. त्यांचे आणि त्या बुक्की खाल्लेल्या सिस्टरचे उपकार मी कुठं फेडू? लवकर औषध मिळालं म्हणून विशाल वाचला, हे मॅडमनीच सांगितलं.

मी इथंच थांबणार होते, पण तसं केलं तर ते अर्धंच होईल.

विशाल पुन्हा दुकानात जायला लागला. गावानं तोंड बंद ठेवलं होतं, पण मोबाइलना कोण बंद करणार? दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये त्याला ते चित्रण दिसलं. घरी आला तो पांढराफटक. "आई, हा मी हाय का?"

मी म्हटलं, "तो आजार होता. मॅडम म्हणाल्या, आजारानं केलं."

"हात तर माझाच हाय की," तो म्हणाला आणि उठून रुथच्या घराकडं चालू लागला. मी मागोमाग गेले. एवढं सगळं करून वाचवलेलं पोर ह्यानं मोडून पडेल, एवढीच भीती होती.

सॅमू अंगणात बसला होता. विशाल म्हणाला, "शर्ट काढ."

सॅमूनं आईकडं बघितलं, मग शर्ट काढला. पाठभर जाड, फुगलेले, तांबूस व्रण होते. विशालनं वाकून एकेक व्रण बघितला. "लई लागलं का रे?"

मला वाटलं सॅमू म्हणेल, न्हाई. पण तो म्हणाला, "हाव. लई लागलं."

विशाल त्याच्या पाठीमागं खाली बसला. रुथ घरात गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. ती तिनं विशालच्या पुढ्यात ठेवली. "रोज मी लावती. माझं मनगट भरून येतं. आज तू लाव."

विशालनं तेलात बोटं बुडवली आणि पहिल्या व्रणावर नुसती टेकवली. पुढं हात सरकेना.

सॅमू मान न वळवता म्हणाला, "जोरानं चोळ रे. डॉक्टरनं दाबून लावायला सांगितलंय."