अम्मीच्या घरची ड्यूटी

चहाचा घोट आमच्या पेशंटच्या, अम्मींच्या, श्वासनळीत गेला, तेव्हा मी त्यांच्या सनाबिस भागातल्या फ्लॅटमध्ये तपासणीचा फॉर्म भरत बसले होते. फॉर्म टाकून धावले. त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. चेहरा काळानिळा पडत चालला होता. पाचव्या थापेला घोट बाहेर आला आणि श्वास सुरू झाला. शेजारच्या पलंगावरून त्यांचे पती, अब्बा, हाका मारत होते. मधुमेहाने त्यांचा एक पाय गेलेला, नजरही गेलेली. काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं.

मी इथे आखातात, मनामा शहरातल्या एका होमकेअर कंपनीत नर्सिंग सुपरवायझर आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी आम्ही अटेंडंट पाठवतो. अम्मींसारख्या पक्षाघाताच्या पेशंटचे गिळायचे स्नायू दुबळे होतात. म्हणून पाणी, चहा सगळं एक पावडर घालून दाट करूनच द्यावं लागतं. आमची नवी अटेंडंट कामाला चांगली होती, पण वाचा गेलेल्या अम्मींची खूण तिला उमगली नाही. अम्मी कपाकडे नाही, पावडरच्या डब्याकडे बोट दाखवत होत्या.

अर्ध्या तासात त्यांची मुलगी नसीमा पोचली. ती एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. ड्यूटी मधेच सोडून यायची त्या महिन्यातली ही तिसरी वेळ. मी निघाले तशी लिफ्टपर्यंत आली.

"सिस्टर, क्लिनिकने लेखी वॉर्निंग दिलीय. तुमच्या कंपनीत मला घ्या. ड्यूटी इथेच लावा."

मी लगेच हो म्हटलं नाही. इथे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की राहणंही गेलं. आणि पेशंटच्या नातेवाइकाला त्याच घरी ठेवायचं नाही, हा आमचा नियम.

मॅनेजर मॅथ्यू सरांनी तोच नियम ऐकवला. परकी अटेंडंट चुकली तर घरचे तक्रार करतात. इथे तक्रार करणार कोण? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आधी तिने आमचं ट्रेनिंग पुरं करायचं, मग आठवड्यातून दोनदा मी न कळवता जाईन.

"आणि काही झालं तर?"

"फॉर्मवर सही माझी असेल."

मग तीन महिन्यांची ट्रायल मिळाली.

अडलं ते इक्बालभाईंपाशी. हे नसीमाचे थोरले भाऊ, रत्नागिरीहून येऊन मनामात स्पेअर पार्ट्सचं दुकान थाटलेले. आमचं बिल तेच भरायचे.

"अम्मी-अब्बांच्या सेवेचा पगार घेणार ही? जमातीत तोंड कसं दाखवू मी?"

नसीमाने मान वर केली नाही. हळू आवाजात म्हणाली, "भाई, फुकट केलं असतं. पण मग मी रत्नागिरीला आणि हे दोघं इथे."

मग अब्बा बोलले. "इक्बाल, पैसे तू आतापण देतोसच. दर महिन्याला नवा हात अंगाला लागतो. कोणाचा, ते मला दिसत नाही. हिचा हात मला कळतो."

इक्बालभाई उठून निघून गेले. दोन दिवस फोन नाही. नसीमाचा राजीनामा तिच्या पर्समध्येच होता, आणि मी सरांना काय सांगायचं याची तयारी करत होते. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: पेपर पाठवा.

ट्रेनिंग झालं, व्हिसा बदलला. मग वेगळीच अडचण. करारात शुक्रवारची सुट्टी होती आणि नसीमा ती घेईना. मी सांगितलं, सुट्टी नाही तर ड्यूटीही नाही. शुक्रवारचं काम इक्बालभाईंना शिकवलं.

पहिल्या शुक्रवारी मी न कळवता गेले. इक्बालभाई घामाघूम होऊन अम्मींना चमचा-चमचा चहा भरवत होते. एका कपाला चाळीस मिनिटं लागली होती.

"हे दिवसातून किती वेळा, सिस्टर?"

"सहा."

त्यांनी पुढचा चमचा भरला.

ट्रायलनंतर नसीमा कायम झाली. अम्मींना पुन्हा ठसका लागला नाही असं नाही, पण निभावलं. मॅथ्यू सरांनी नियमात एक ओळ वाढवली: ट्रेनिंग आणि न कळवता तपासणी असेल, तर नातेवाईकही चालेल. मीही एक शिकले. सेवा म्हटली की सुट्टी मागता येत नाही. नोकरी म्हटली की ती द्यावीच लागते. आता अशा घरी मी पगाराच्या आकड्याआधी सुट्टीचा वार लिहून घेते.