भूमध्य समुद्रातली गुहा

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कंपनीनं माल्टाला पाठवलं, तेव्हा म्हणे पाठीवर सिलिंडर लावून हे भूमध्य समुद्राखालच्या सुळक्यापाशी उतरले आणि तिथल्या अंधाऱ्या गुहेत शिरले. मला तर थापच वाटायची. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात पायसुद्धा न बुडवणारा हा माणूस! बरोबर कोण होतं विचारलं, की चहाच्या कपात बघत म्हणायचे, "होते की दोघं."

परवा मी आणि ते तळघरात गाडी काढायला गेलो आणि लाइट गेली. जनरेटरच्या धुरात काही दिसेना. त्यांनी माझा हात भिंतीवरच्या पाइपवर दाबून ठेवला. "हा सोडायचा नाही. चला."

बाहेर आल्यावर मी खोकत बसलो. ते मात्र दारातच थांबून आत बघत होते.

"तिसरा कुठंय? माझ्या मागंच होता."

तळघरात आम्ही दोघंच गेलो होतो.