सानप सरांचा शेवटचा शब्द

दुपारची भांडी वाजायची थांबतात, सूनबाई कावेरी ओट्यावरून शेवटचं फडकं फिरवते, आणि आतल्या गार खोलीत गोधडी नाकापर्यंत ओढून पडलेल्या हौसाबाईंचा डोळा लागतो न लागतो तोच पायथ्याशी कुणीतरी बसतं. खाट करकरते. हौसाबाई डोळे उघडत नाहीत. उभा जन्म ज्या वजनाने ही खाट करकरली, ते ओळखायला डोळे कशाला लागतात?

"आलात?" त्या म्हणतात. "वर्ष होत आलं. आत्ता सवड मिळाली?"

सानप सर चष्मा पुसताहेत. निफाडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. जीव गेला तरी सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसायची खोड काही गेलेली नाही.

"हौसा, या गोधडीला जुन्या इंग्रजीत..."

"गोधडी गेली चुलीत! आधी तो शब्द सांगा."

तो शब्द. घरात कुणी 'विंडो' म्हटलं की "मुळात वाऱ्याचा डोळा बरं का" असं सांगितल्याशिवाय ज्यांना घास गिळवत नसे, त्या सरांनी दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळीही तोच घोळ घातला. खिडकीकडे हात करून एकच शब्द म्हणत राहिले. अ‍ॅप्रिसिटी. हौसाबाईंनी पाणी दिलं, चष्मा दिला, कवळी दिली, पांघरूण बदललं. सर मान हलवत राहिले आणि दुपारी गेले. नातवाने मोबाइलवर शोधलं तर वीजबिल भरायचं पान उघडलं.

आणि मग दशक्रियेला, गोदावरीच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. मंडळींनी कबूल करायचं ते सगळं केलं. नातवाला शिकवू, पुस्तकं वाचनालयाला देऊ. सरपंचाने तर हात जोडून "सर, अ‍ॅप्रिसिटी देऊ" असंही सांगून टाकलं. काय देणार ते त्याला तरी कुठे माहीत! अखेर दर्भाचा कावळा करून वेळ मारून न्यावी लागली. तेव्हापासून हौसाबाईंच्या घशाखाली घास सुखाने उतरलेला नाही.

सर उठून फळ्याशी जातात. खोलीला फळा आहे. समोर दवाखान्यातल्या लोखंडी खाटांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक खाटेवर पोरं मांडी घालून बसली आहेत.

"लॅटिनमध्ये अप्रिकस म्हणून..."

"मूळ नको. अर्थ सांगा."

"अगं, मुळाशिवाय अर्थ कसा?"

"मेथीची मुळं मी कापूनच टाकते. भाजी काही वाईट होत नाही."

पोरं खिदळतात. सर दुखावतात, पण थांबतील तर शपथ. "चारशे वर्षांपूर्वी एका कोशात आला हा शब्द. पुढे कुणी फारसा वापरलाच नाही."

"मग तुम्हालाच मरताना कुठली हुक्की आली?"

"कुणीतरी वापरायला नको का?"

"कपाळ माझं!" हौसाबाई ओरडतात आणि फणकाऱ्याने खाटेवरून खाली पाय टाकतात. फरशी भुसभुशीत लागते. खाटांच्या मधून हरभरा उगवला आहे, घाट्यांनी लगडलेला. पोरं नाहीत, फळा नाही. बांधावर सर पाठ उन्हाकडे करून आपला आवडता डहाळा सोलत बसले आहेत.

"हे बघ, हेच," ते म्हणतात. "थंडीत पाठीला लागणारी उन्हाची ऊब. तिला म्हणतात अ‍ॅप्रिसिटी."

हौसाबाईंच्या तोंडून सगळं एकदमच बाहेर पडतं.

"ऊन? अहो, ऊन म्हणायला काय झालं होतं? मी एकटीने खाट ओढत नेली असती हो खिडकीपाशी! त्या कावळ्यापुढे मी पदर पसरला, सगळ्या गावासमोर रडले, आणि तुम्हाला ऊन पाहिजे होतं?"

"मला कुठे पाहिजे होतं?"

"मग कुणाला?"

"तुला. दवाखान्यातल्या त्या स्टुलावर दिवसरात्र बसून ओठ निळे पडले होते तुझे. बाहेर व्हरांड्यात जा, घटकाभर उन्हात बस, एवढंच सांगत होतो." सर एक घाटा हौसाबाईंच्या तळव्यावर ठेवतात. "पण रोजचे शब्द आधी निघून गेले, हौसा. हा एवढाच हाताशी राहिला. सोल."

हौसाबाईंना रडू येतं आणि त्याहून जास्त राग येतो. त्या घाटा सोलतात. दाणा गोड आहे.

"आई, चहा," कावेरी दारातून म्हणते.

हौसाबाई उठून बसतात. खोली गारठलेलीच आहे. त्यांची मूठ घट्ट मिटलेली असते. उघडतात तर आत हिरवं, ओलं टरफल. बोटांना हरभऱ्याची आंबट-खारट चव.

"हरभरा कुठला हो?" कावेरी विचारते. "यंदा तर तुम्ही घरात आणूच दिला नाही."

हौसाबाई खुर्ची फरफटत अंगणात नेतात, उन्हाकडे पाठ करून बसतात आणि टरफल मांडीवर ठेवतात. हळूहळू पाठ तापायला लागते.

"बसले," त्या समोरच्या रिकाम्या अंगणाला दरडावून सांगतात. "झालं समाधान? एवढ्यासाठी त्या कावळ्याला ताटकळत ठेवलंत होय!"