सलीमभाईंचा ब्लॉग

"मॅडम, तो ब्लॉग आजच्या आज बंद करा," सर म्हणाले. "हे वाचून ऑपरेशनला कोण तयार होईल?"

सर म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या हॉस्पिटलचे कान-नाक-घशाचे सर्जन. मी तिथं स्पीच थेरपिस्ट. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलं की आवाज जातो. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून चालतो. मग मी पेशंटला हवा गिळून ढेकरेवर शब्द काढायला शिकवते. विचित्र वाटतं, पण जमतं.

सलीमभाई कबनूरला यंत्रमाग चालवायचे. ऑपरेशननंतर पाटीवर लिहून लिहून माझं डोकं खायचे, म्हणून मीच त्यांना कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकवलं आणि ब्लॉग उघडून दिला. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. भाईंनी ब्लॉगवर काही म्हणजे काही झाकलं नाही. भोकातून कफ येतो. वास कळत नाही. बायको भांडते, उलट बोलता येत नाही. आणि एके ठिकाणी लिहिलेलं, 'परत कामावर गेलो. मागाच्या खडखडाटात आम्ही ओठ बघून, हातवारे करूनच बोलतो. शेजारच्या मागावर नवा माणूस आलाय. मला आवाज न्हाय हे त्याला चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कळलं.'

सरांना घोर होता नेसरीच्या गुरुजींचा. गाठ स्वरयंत्रातच होती, लवकर ऑपरेशन केलं तर वाचणार होते. "मुका मास्तर काय कामाचा? त्यापेक्षा मरतो की," म्हणून ते घरी निघून गेले होते. सरांनी दोनदा फोन केला. "काही होत नाही हो, गुरुजी." दोन्ही वेळा गुरुजींनी फोन ठेवून दिला. त्यांच्या मुलीला ब्लॉगचा पत्ता मी दिला होता. हे सरांना आत्ताच कळलं होतं.

"पासवर्ड सलीमभाईंकडे आहे," मी म्हणाले. ते खरंही होतं.

त्याच आठवड्यात ब्लॉगखाली कुणीतरी विचारलं, 'अंघोळीला पाणी आत गेलं तर?'

भाईंचं उत्तर, 'खोकायचं. पुढच्या वेळी शहाणपण येतंय.'

'पोरं हसतील?'

'हसत्यात की. आठवडाभर. मग त्यांनाच कंटाळा येतोय.'

असं दहा दिवस चाललं. विचारणारा कोण ते मला कळत होतं. मी रोज धास्तावून वाचायची.

अकराव्या दिवशी गुरुजी पिशवी घेऊन ॲडमिट व्हायला हजर. सरांना राहवलं नाही. "माझं ऐकलं नाहीत, आणि आता कसे आलात?"

गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही नरडं कापणार, आणि वर म्हणता काय होत न्हाय. तिथंच माझा भरवसा उडाला. ह्या पावण्यानं सगळं वंगाळ सांगितलं. आणि त्यो जित्ता हाय."

सरांनी ॲडमिशनचा कागद पुढं ओढून सही केली. मला मात्र फार बरं वाटलं.

गुरुजी वाचले. ढेकरेवर बोलायला शिकून सहा महिन्यांनी पुन्हा वर्गावर गेले. आवाज बारीक, त्यामुळे ऐकायचं तर पोरांना गप्प बसावं लागतं. त्यांचा वर्ग शाळेत सगळ्यात शांत असतो म्हणे.

तेव्हापासून मी पेशंटला 'काही होत नाही' म्हणत नाही. काय काय होतं ते आधी सांगते. पेशंट घाबरतो, घरी जातो. पण बहुतेक वेळा परत येतो.