मागाच्या ठोक्यावरचा सूर

आमची नात दानेश्वरी भवानी पेठेत आमच्या कापडाच्या मागाशेजारच्या खोलीत वायरींचं वाद्य वाजवते. त्यातला एक डबा लई गमतीचा. ठोका मिळाला की बदलत्या विजेचं त्या क्षणाचं माप पकडतो, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत त्याचाच सूर धरून ठेवतो. तिनं माईक लावून ठोका मागाचाच घेतला.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा गुरुशांत, वैतागला. "ही कटकट बंद कर, न्हाय तर उद्या खोली रिकामी कर!" म्हणत त्यानं माग थांबवला. सूर मात्र थांबेना.

"अप्पा, नवा ठोका द्या की," पोरगी हसली.

त्यानं हातानं मागाचं चाक फिरवलं. धागा ठोकणारी फणी आपटली, सूर बदलला. परत फिरवलं.

"तात्या, माग गातोय की!" गुरुशांत माझ्याकडं वळून म्हणाला.

खोली पोरीकडंच राहिली. आता माग थांबवायचा तर तो तिला विचारतो.