दे, घे, पळ

‘आता बस झालं’ हे तीन शब्द जगातल्या कुठल्याच भाषेत ज्याला कळत नव्हते असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो जपानी होता. मरोळच्या आमच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला त्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. यंत्रं पोटापुरती, मुळात तो मिडफिल्डर. तिकडे कारखान्यांच्याच फुटबॉल टीम असत आणि देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये त्याच खेळत. सकाळी हातात पाना, दुपारनंतर पायात चेंडू, अशी त्याने अकरा वर्षं काढली होती. तेहतिसाव्या वर्षी साहेबांनी सांगितलं, आता बस झालं, हिंदुस्थानात जा. तो आला, पण येताना बॅगेत बुटांचे तीन जोड घेऊन आला. हत्यारांची पेटी मागाहून बोटीने आली.

मी स्टोअर्समध्ये कारकून. आमच्या सात पिढ्यांतला पहिला बी.ए., आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे. त्यामुळे जपान्याचा दुभाषा म्हणून माझीच नेमणूक झाली. त्याचं आणि माझं, दोन्ही इंग्रजी पुस्तकातून आलेली. आमचं एकमेकांना चटकन समजे, मॅनेजरसाहेबांना मात्र दोघांचंही समजत नसे.

कारखान्याची एक फुटबॉल टीम होती. टीम म्हणजे अकरा माणसं आणि एक पंप. कारखान्यांच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी शेवटून पहिले. जपान्याने आल्या आठवड्यातच ती ताब्यात घेतली. सहाचा सराव म्हणजे हा पावणेसहाला हजर. मैदानात उतरताना कमरेतून वाकून मैदानाला नमस्कार करायचा. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. तालमीच्या मातीला हात न लावता आमच्यातला तरी कोण उतरतो? नवल पुढचं होतं. मॅच संपली की हा खराटा घेऊन कपडे बदलायची खोली झाडायचा. हरलो असलो तर दोनदा. शेजारच्या तबेल्यातल्या म्हशी साडेसहाला मैदानाच्या बरोबर मधून जायच्या. आम्ही थांबायचो, तो थांबत नसे. म्हशींच्या मधून चेंडू काढायचा आणि आम्हालाही काढायला लावायचा. तबेलेवाल्याने तक्रार केली की म्हशी बिथरून पान्हा चोरतात. जपानी तबेल्यात गेला, वाकून माफी मागितली आणि उद्यापासून म्हशी जरा सावकाश न्याव्यात अशी विनंती केली. म्हशींमधला दहा मिनिटांचा सराव त्याला पुरत नव्हता.

मराठी तो तीनच शब्द शिकला: दे, घे, पळ. तेवढ्यावर त्याने अख्खी टीम चालवली. पण स्वतः कधी गोल मारायचा नाही. आमचा फॉरवर्ड हरेश्वर, वेसाव्याचा, फिटर खात्यातला. तो एकदा वैतागला. “अरे ग्रॅज्वेट, सांग ना याला. समोर गोली पण नव्हता यार, मारायचा ना सरळ. मला कशाला दिला?”

मी विचारलं. जपानी म्हणाला, “तो जास्त चांगल्या जागी होता.”

“मी?” हरेश्वर म्हणाला. “मी तर नाडी बांधत होतो.”

“म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.”

त्या वर्षी आम्ही शेवटून चौथे आलो आणि कँटीनमध्ये शिरा झाला.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा त्याला दोन पत्रं आली. एक कंपनीचं: परत या, खात्याचे प्रमुख व्हा, खेळणं बंद. दुसरं एका लहानशा, खालच्या लीगमधल्या टीमचं: पगारी खेळाडू म्हणून या, करार एका वर्षाचा. तिकडे तेव्हा नुकतेच असे खेळाडू घ्यायला लागले होते. त्यासाठी कंपनीतली कायमची नोकरी मात्र सोडावी लागणार होती. मी त्याला शिकल्यासवरल्या माणसासारखं समजावलं. ऐकेना. शेवटी माझे वडील तरी त्याला चार शब्द सुनावतील म्हणून एका रविवारी त्याला आमच्या चाळीत जेवायला नेलं. वडील अठ्ठावीस वर्षं गिरणीत साच्यावर होते. संपानंतर घाटकोपरला एका बिल्डिंगीवर वॉचमन. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, “बाबा, पर्मनंट सोडतोय हा. सांगा जरा.”

वडिलांनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “माझी पण पर्मनंटच होती. खंय गेली?” मग त्याच्याकडे न बघताच मला म्हणाले, “तेका सांग, पाय चलतत तवसर धाव. आणि तुझ्या आवशीक सांग, तेका आणखी एक तुकडी वाढ.”

मी दोन्ही निरोप पोचवले. जपानी मांडी घालून बसल्या जागी वाकला, इतका की कपाळ ताटाला लागलं.

त्याच्या कंपनीला बहुधा सुगावा लागला असावा. तिकडून टेलेक्स आला की याचा खेळाडू म्हणून निरोप समारंभ करा. आमच्या साहेबांनी कँटीनमध्ये टेबलं जोडून सत्कार ठेवला. भाषणात ते म्हणाले, “एका मोठ्या खेळाडूने आज बूट उतरवले आहेत.” शाल घातली, श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. जपान्याने मला हळूच विचारलं, “हे कशाबद्दल?”

मला गोड काही सांगता आलं असतं. पण मी म्हणालो, “ज्यांचं काम संपलं असं लोकांनी ठरवलंय, त्यांना देतात.”

त्याने शाल काढली. काठाला काठ जुळवून तिची घडी घातली, मग काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा उलगडली आणि साहेबांच्या खांद्यावर नीट पांघरली. वाकला. आणि त्याच्या तीन शब्दांत नसलेली मराठी बोलला, जी त्याने आदल्या दिवशी हरेश्वरकडून घोटून घेतली होती: “मी अजून खेळतो.”

साहेब शाल पांघरून चहा संपेपर्यंत तसेच बसले. काढावी की ठेवावी हे त्यांना कुणी सांगेना.

तो गेला. आठ-नऊ महिन्यांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं एक कात्रण आलं, सगळं जपानीत. वाचता आला तो फक्त आकडा, चार-शून्य. चार कुणाचे ते कळेना. हरेश्वर म्हणाला जिंकले, मी म्हणालो हरले, आणि त्या दिवशी तो मैदानात होता यावर आमचं एकमत झालं.

त्यानंतर मी दोन पत्रं टाकली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं वर्षभराने माझ्याकडेच परत आलं, पत्त्यावर तांबडा शिक्का मारलेलं. शिक्क्यात चार-पाच अक्षरं आहेत. आज मुंबईत जपानी शिकवणारे क्लास आहेत, माझी स्वतःची पुतणी एकात जाते. पाकीट तिला दाखव म्हणून घरचे मागे लागतात. मी दाखवत नाही.