बंगलीच्या जोत्यावरचं पान

केळीच्या पानावर वाढलेलं जेवण समोर आलं की खुनाची एक केस आजही मला आठवते. पोलिसातून निवृत्त झालो, तरी तेवढं सुटलेलं नाही.

रबाळ्याच्या कारखान्यांमागे, डोंगराच्या पायथ्याशी, एका जुन्या शेठजींची बाग होती. बाग कधीच उजाड झालेली; उरलं होतं तिच्यातल्या बंगलीचं जोतं आणि काही मोडके खांब. तिथे टॉवर उठण्याआधी पुरातत्त्वाची मंडळी उत्खनन करत होती. एका सकाळी त्यांच्या प्रमुख बाईंचा ठाण्यात फोन आला. जोत्याखाली माणसाची हाडं निघाली होती.

मला वाटलं, शे-दोनशे वर्षांपूर्वीचं मढं असेल. त्यात पोलिसांचं काय काम? बाईंनी मला चरात उतरवलं. चुन्याची जुनी जमीन मधोमध फोडलेली होती आणि हाडांच्याही खालच्या मातीत गुटख्याची रिकामी पुडी होती. म्हणजे खड्डा आपल्याच काळातला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, हाडं तपासणीला पाठवली. तपासणीत निघालं, तरुण बाई, कवटी मागून फुटलेली.

बातमी फुटली तशी सानपाड्याकडची एक आई ठाण्यात येऊन बसली. तिची मुलगी बागेजवळच्या गावात दिली होती. काही वर्षांपूर्वी सासरच्यांनी कळवलं, कुणाबरोबर तरी पळून गेली. त्या एका वाक्याने धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं, भाऊबंदांनी येणंजाणं टाकलं. "माजी पोर तशी नव्हती," एवढंच ती म्हणत राहिली. डीएनएसाठी तिचं रक्त घेतलं. अहवालाला वेळ होता.

नवरा आणि सासरा पक्के मुरलेले. वेगवेगळे बसवले तरी दोघांचं एकच पाठांतर. खरं सांगणारी दोन माणसं कधी शब्दाला शब्द जुळवून बोलत नाहीत, हा माझा अनुभव. पण अनुभव कोर्टात चालत नाही.

वाट सापडली ती उत्खननाच्या बाईंच्या फोटोंत. ही मंडळी काडीसुद्धा हलवण्याआधी जागेचा फोटो काढतात. अगदी पहिल्या दिवशीच्या फोटोत जोत्यावर केळीचं पान होतं. त्यावर भात, वडे. शेजारी हिरव्या बांगड्या आणि कुंकू. बाईंना तो कुणाचा तरी नवस वाटला होता. मी तारीख पाहिली. अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान पितृपक्षात त्या दिवशी वाढतात. माझ्या आईचं आम्ही वाढायचो, म्हणून मला ते चटकन कळलं.

त्या घरात रांधणारी बाई आता एकच उरली होती, सासू. महिला हवालदारांना सोबत घेऊन तिच्यासमोर फोटो ठेवला.

"मावशी, पळून गेलेल्या सुनेचं पान कोण वाढतं?"

तिने फोटोतल्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सून हाय माजी. उपाशी कशी ठेवू?"

पुढचं तिनेच सांगितलं. भांडणात मुलाने बायकोच्या डोक्यात मुसळ घातलं, बापलेकांनी तिला बंगलीत पुरलं आणि पळून गेल्याची आवई उठवली. दंडाधिकाऱ्यांपुढेही ती तेच बोलली. डीएनए जुळला. मला तिची कीव आली, पण संताप जास्त आला. मेलेल्या सुनेला दरवर्षी वडे वाढणाऱ्या या बाईने जिवंत विहिणीला एक शब्द कळू दिला नव्हता.

अस्थी ताब्यात देताना मी आईला म्हणालो, आता त्यांना शिक्षा होईल.

"त्या तुमचा काम हाय, साहेब," ती म्हणाली. "माजा येक काम करा. आमचे गावान येऊन सांगा, ती पलाली नव्हती."

मी गणवेशात गेलो आणि देवळासमोर जमलेल्या गावाला सांगितलं. आयुष्यभर खुनाचे तपास केले, पण एका खुनात आणखी किती जण मारले जातात, हे मला त्या दिवशी कळलं. आरोपपत्रात त्यांचा उल्लेख नसतो.

माझं बोलणं संपलं. आईने धाकटीचा हात धरला. इतकी वर्षं त्या दोघी देवळामागच्या वाटेने ये-जा करत असत. त्या दिवशी सगळ्यांच्या समोरून घरी गेल्या.